पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील ज्येष्ठ कामगार

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील ज्येष्ठ कामगार या लेखात पुणे जिल्ह्यातील पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण व तळेगाव दाभाडे परिसरातील कारखान्यांत दीर्घकाळ काम केलेल्या, साधारणतः पंचेचाळीस वर्षांवरील कामगारांची व कर्मचाऱ्यांची स्थिती, त्यांना लागणारे साहाय्य आणि त्यांच्यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी यांची माहिती दिली आहे. या पट्ट्यात एकाच छपराखाली तीन पिढ्या काम करताना आढळतात. निवृत्तीला दोन-चार वर्षे उरलेला फिटर, चाळिशीतला लाइन सुपरवायझर आणि नुकताच आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून आलेला विशीतला प्रशिक्षणार्थी एकाच पाळीत असतात. त्यांचे वेतन, नोकरीची शाश्वती आणि यंत्राशी असलेले नाते मात्र एकसारखे नसते.

संज्ञा

‘ज्येष्ठ कामगार’ याची व्याख्या भारतीय कायद्यात नाही. ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणजे साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती, हे २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियमाने ठरवले आहे. परंतु कारखान्यातील माणूस साठीच्या कितीतरी आधी ‘म्हातारा’ ठरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८० मध्ये स्वीकारलेल्या शिफारस क्रमांक १६२ मध्येही वयाचा निश्चित आकडा नाही. वय वाढल्यामुळे नोकरीत किंवा व्यवसायात ज्यांना अडचणी येण्याचा संभव आहे असे सर्व कामगार तिच्या कक्षेत येतात आणि वयोमर्यादा ठरवणे त्या त्या देशावर सोडलेले आहे.

मराठीत या संदर्भात दोन शब्द वेगळे ठेवणे आवश्यक आहे. वयोज्येष्ठता म्हणजे वयाने मोठे असणे आणि सेवाज्येष्ठता म्हणजे त्या आस्थापनेत आधीपासून असणे. जुन्या कारखान्यांत ही दोन्ही बहुधा एकाच माणसाकडे असत. ज्याने विसाव्या वर्षी हजेरीपटावर नाव चढवले, तो तेथूनच निवृत्त झाला. आता एक कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे लागलेला कामगार वयाने ज्येष्ठ, पण सेवेने कनिष्ठ असतो. कायद्याचे संरक्षण बव्हंशी सेवाज्येष्ठतेला आहे, वयाला नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेक चर्चा भरकटतात.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली आणि पुढील वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर या भागाचे औद्योगिकीकरण वेगाने झाले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यास येथे पाय रोवले. सुमंत मुळगावकर यांच्या धोरणानुसार आधी यंत्रहत्यारे, साचे आणि प्रशिक्षण यांची घडी बसवण्यात आली. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. आकुर्डीत बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) आणि बजाज ऑटो यांचे कारखाने उभे राहिले. त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग भोसरी व चिंचवड परिसरात वाढले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली.

दुसरा टप्पा चाकणचा. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवागेन व मर्सिडीझ-बेंझ आणि २०१० मध्ये महिंद्र यांचे प्रकल्प तेथे कार्यान्वित झाले. या कारखान्यांनी सुरुवातीला भरती केलेले कामगार प्रामुख्याने तरुण होते. त्यामुळे काही वर्षे असे चित्र होते की जुने कामगार पिंपरी-आकुर्डीत आणि नवे चाकणमध्ये. तो काळ सरला आहे. १९९९ मध्ये बाविसाव्या वर्षी चाकणला लागलेला कामगार २०२५ मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला. चाकणलाही आता वय आले आहे, आणि त्याची तयारी तेथील आस्थापनांनी किती केली आहे हा प्रश्न पुढील दशकात टाळता येणार नाही.

इंद्रायणीकाठी आळंदीनजीक वसलेले चऱ्होली बुद्रुक हे गाव १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाले. भोसरी, मोशी व चाकण येथे कामाला जाणाऱ्या कुटुंबांची वस्ती या भागात वाढत गेली. संत ज्ञानेश्वरांचे गुरू हे त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ होत. ‘निवृत्ती’ हे जेथे गुरूचे नाव आहे, त्या परिसरात निवृत्त होणाऱ्याकडून काही शिकून घ्यावे ही कल्पना परकी वाटू नये.

कारखान्यातील पिढ्या

तरुण कामगार वयाने मोठ्या सहकाऱ्याला काका, मामा किंवा अण्णा म्हणतो. हे संबोधन आदराचे असले तरी ‘काकांना आता जमत नाही’ या वाक्यातही तेच असते. पिढ्यांमधील खरी दरी मात्र स्वभावाची किंवा मोबाईलची नसून नोकरीच्या स्वरूपाची आहे. ज्येष्ठ कामगार बहुधा कायम असतो. त्याचे वेतन संघटनेने ठराविक मुदतीनंतर केलेल्या वेतनकरारांतून वाढत गेलेले असते. शेजारी उभा राहून तेच काम करणारा तरुण कंत्राटी, ठराविक मुदतीचा किंवा प्रशिक्षणार्थी असतो. त्याला त्या वेतनाचा लहानसा भाग मिळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील उमेदवार, २०१३ पासून काही वर्षे चाललेल्या व आता बंद झालेल्या ‘नीम’ योजनेतील प्रशिक्षणार्थी, कंत्राटदाराचे कामगार असे अनेक वर्ग एकाच लाइनवर आढळतात.

याचे दोन परिणाम होतात. व्यवस्थापनाच्या हिशेबात ज्येष्ठ कामगार हा ‘महाग’ ठरतो आणि त्याच्या जागी दोन-तीन तरुण घेता येतील असे गणित मांडले जाते. दुसरीकडे तरुणाला वाटते की काम आपण करतो आणि पगार काका नेतात. अशा वातावरणात ‘पिढ्यांमधील सुसंवाद’ या विषयावर अर्ध्या दिवसाचे शिबिर घेऊन फारसे साधत नाही. ज्या तरुणाला सहा-अकरा महिन्यांनी जायचेच आहे, त्याला शिकवण्यात ज्येष्ठालाही रस राहत नाही, आणि त्याला दोष देणेही कठीण आहे.

जुन्या पिढीच्या मनात काही घटना घर करून आहेत. १९८९ मधील टेल्को कामगारांचा संघर्ष व शनिवारवाड्यावरील उपोषण, २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहन उत्पादन थांबणे, २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातील सुमारे पन्नास दिवसांचा संप या त्यांपैकी काही. ‘नवी पद्धत’ हा शब्द ऐकताच ज्येष्ठ कामगार सावध का होतो, याचे उत्तर त्याच्या वयात शोधण्यापेक्षा या आठवणींत शोधणे अधिक योग्य.

शरीर, डोळे आणि यंत्र

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. मराठीत त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात, इतकी ही गोष्ट सार्वत्रिक आहे. व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटरवरील रेघा वाचणे, बारीक वायरिंग जोडणे, तपासणी विभागात ओरखडे शोधणे ही कामे यामुळे थेट बाधित होतात. आसाममधील चहामळ्यांत चाळीस वर्षांवरील मजुरांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ जवळचा चष्मा दिल्याने पानखुडणीची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पन्नाशीपुढील मजुरांत ही वाढ आणखी मोठी होती. चहाची पाने खुडण्यासाठी जर चष्म्याचा इतका उपयोग होतो, तर मापनयंत्र हाताळणाऱ्यासाठी तो किती होईल याचा अंदाज करता येतो. सुरक्षा-गॉगलमध्येच नंबरची काच बसवून देणे हा यातला साधा व स्वस्त उपाय आहे. साध्या चष्म्यावर गॉगल चढवावा लागला की कामगार दोहोंपैकी एक काढून ठेवतो, आणि बहुधा तो गॉगल असतो.

प्रेस शॉप, फोर्जिंग व फाउंड्रीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांना कमी ऐकू येणे ही दुसरी तक्रार. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा शासनास कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक आजारांत मोडतो. कमी ऐकू येणारा माणूस बैठकीत गप्प बसतो आणि त्याची गणना ‘रस नसलेल्यां’त होते.

गुडघे, कंबर, खांदे यांची दुखणी आणि रात्रपाळीनंतर झोप न लागणे यांचा संबंध कामाच्या मांडणीशी आहे. या बाबतीत वारंवार दिले जाणारे उदाहरण जर्मनीतील डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यू कारखान्याचे आहे. २००७ मध्ये तेथील एका उत्पादन-लाइनवर मुद्दाम अशी माणसे नेमण्यात आली की त्यांचे सरासरी वय ४७ व्हावे. दहा वर्षांनी कारखान्याचे सरासरी वय तेवढे होईल असा कंपनीचा अंदाज होता. कामगारांनी स्वतःच बदल सुचवले: सिमेंटच्या जमिनीवर लाकडी फळ्या, काही ठिकाणी बसण्याची सोय, भिंगे, संगणकाच्या पडद्यावर मोठी अक्षरे, कामाची अदलाबदल, मधूनमधून व्यायाम. सुमारे ७० लहान बदलांना एकूण चाळीस हजार युरोंच्या आसपास खर्च आला आणि वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. मर्सिडीझ-बेंझच्या जर्मनीतील ट्रक-जोडणी कारखान्यात झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात साठीपर्यंतच्या कामगारांची उत्पादकता घटत असल्याचे आढळले नाही; ज्येष्ठांकडून गंभीर स्वरूपाच्या चुका कमी होतात असे दिसले. ज्या कंपनीचा कारखाना चाकणला आहे, तिच्याच मायदेशातील हा निष्कर्ष आहे.

आपल्याकडे प्रचलित असलेला उपाय म्हणजे ‘लाइट ड्यूटी’. डॉक्टरांच्या शिफारशीवरून कामगाराला भांडार, तपासणी किंवा साफसफाईच्या कामावर पाठवले जाते. हा उपाय उपकारक असला तरी त्यात एक खोच आहे. तीस वर्षे टूल रूममध्ये काढलेल्या माणसाला भांडाराच्या खिडकीत बसवले की शरीर वाचते, पण त्याचे कसब कारखान्याच्या उपयोगातून निघून जाते. कामगाराला बाजूला न काढता कामाची जागा बदलणे हा डिंगोल्फिंगच्या प्रयोगाचा गाभा होता.

कसबाचे हस्तांतरण

कारखान्यातील बरेचसे ज्ञान कागदावर नसते. प्रेसचा आवाज बदलला म्हणजे साच्यात काय बिघडले, कोणत्या फिक्श्चरमध्ये पावसाळ्यात काम किंचित सरकते, जुन्या यंत्राचा बंद पडलेला भाग कशाने भागवता येईल, हे ज्याने ते यंत्र वीस वर्षे हाताळले त्यालाच माहीत असते. अशा कामगाराच्या निवृत्तीचा दिवस कार्मिक विभागाला अनेक वर्षे आधीपासून ठाऊक असतो. तरीही त्याच्या जागी येणारा माणूस बहुधा शेवटच्या महिन्यात नेमला जातो आणि शाल-श्रीफळाच्या समारंभानंतर आठवडाभरात ‘काकां’ना घरी फोन जाऊ लागतात.

यासाठी उपयुक्त ठरणाऱ्या पद्धतींत निवृत्तीपूर्वी वर्षभर एक कायम कामगार जोडीला देणे, बिघाडांची नोंदवही ज्येष्ठाने सांगून तरुणाने लिहिणे, दुरुस्तीचे मोबाईलवर चित्रीकरण करणे यांचा समावेश होतो. भारतात १९८० पासून रुजलेली गुणवत्ता मंडळे हेही एक व्यासपीठ आहे. त्यात ज्येष्ठाला बोलण्याची जागा असते, मात्र सादरीकरण इंग्रजी तक्त्यांत करायचे असल्यास ती तरुण अभियंत्याकडे जाते. शिकवण्याच्या कामाला वेळ देणे हे निर्णायक ठरते. आठ तासांत ठरलेले नग काढूनच शिकवायचे असेल तर कोणीही शिकवणार नाही.

प्रशिक्षण व भाषा

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला आणि इंधन-इंजेक्शन आले. त्याच सुमारास विद्युत वाहने आली. आकुर्डीत जेथे एके काळी पेट्रोलवरची चेतक बनत असे, तेथेच २०२२ मध्ये विद्युत चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. जोडणीत रोबो, लेथच्या जागी सीएनसी, हजेरी व रजेसाठी मोबाईल ॲप हे बदल एकामागून एक आले.

ज्येष्ठ नवे शिकत नाहीत ही समजूत रूढ आहे. वस्तुतः येथील ज्येष्ठ कामगारांच्या पिढीने लेथवरून सीएनसीकडे, हाताच्या वेल्डिंगवरून रोबोकडे असा प्रवास एकाच आयुष्यात केला आहे. अडसर असतो तो शिकवण्याच्या पद्धतीचा. प्रशिक्षण इंग्रजी किंवा इंग्रजाळलेल्या हिंदीत असते, कामगार मराठी माध्यमातून दहावी व पुढे आयटीआय झालेला असतो. यंत्रासमोर हाताने करून शिकलेल्या माणसाला वातानुकूलित खोलीत सरकचित्रे दाखवून चाचणी घेतली जाते, आणि तरुणांच्या देखत कमी गुण मिळण्याच्या भीतीने तो प्रशिक्षणालाच नाव देत नाही. कामाच्या पायऱ्यांचे तक्ते मराठीत, ठळक अक्षरांत लावणे हे त्यामुळे भाषाभिमानाइतकेच सुरक्षेचेही काम आहे. येथे शुद्धतेचा फार आग्रह धरू नये. ‘फिक्श्चर’ला फिक्श्चरच म्हणावे, क्रियापदे तेवढी मराठी असावीत.

कायदेशीर तरतुदी

खासगी नोकरीत वयाच्या कारणावरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेत असा कायदा १९६७ पासून चाळीस वर्षांवरील कामगारांसाठी आहे. जपानमध्ये मालकांनी पासष्ट वर्षांपर्यंत रोजगाराची सोय करणे बंधनकारक असून २०२१ पासून सत्तरीपर्यंत संधी देण्याचा प्रयत्न करणे अपेक्षित आहे.

महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत निवृत्तीचे वय साठ वर्षे किंवा करारान्वये ठरेल ते असे आहे. अनेक आस्थापनांत करारानुसार ते अठ्ठावन्न आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कपात करताना ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे तत्त्व घालून दिले होते आणि ते नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. या तत्त्वाचा लाभ सेवाज्येष्ठाला मिळतो. उशिरा लागलेल्या वयोज्येष्ठाला त्याचाच फटका बसतो. १९४७ च्या अधिनियमात सततच्या आजारपणामुळे सेवा समाप्त करणे हे ‘कपाती’च्या व्याख्येतून वगळलेले होते, त्यामुळे कपातीची भरपाई अशा कामगाराला लागू होत नसे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांनुसार चाळीस वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर उपदान आणि कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत जमा करणे या तरतुदी ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. दुसरीकडे स्थायी आदेशांच्या सक्तीसाठी कामगारसंख्येची मर्यादा तीनशेपर्यंत वाढली. महाराष्ट्रात ती पूर्वी पन्नास होती. भोसरीतील बहुसंख्य लघुउद्योग त्यामुळे या सक्तीबाहेर जातात.

उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळते आणि महिना सव्वीस दिवसांचा धरला जातो. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा तीस वर्षे असल्यास ही रक्कम ४,५०,००० रुपये होते. २०१८ पासून कमाल मर्यादा वीस लाख रुपये आहे. कायम कामगारासाठी किमान पाच वर्षांची सलग सेवा ही अट आहे. कंत्राटदार बदलला की कागदोपत्री सेवा नव्याने सुरू होते, म्हणून एकाच दारातून पंधरा वर्षे आत-बाहेर केलेल्या कंत्राटी कामगाराच्या हाती काहीच न लागण्याचा धोका राहतो.

स्वेच्छानिवृत्ती

या पट्ट्यात ज्येष्ठ कामगारांची संख्या कमी करण्याचा सर्वाधिक वापरला गेलेला मार्ग म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना. बजाज ऑटोने २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबवले, तेव्हा जकातीचा बोजा व अन्य राज्यांतील करसवलती ही कारणे चर्चेत होती. उत्पादन थांबल्यावरही कामगार वेतनपटावर राहिले आणि पुढे स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग अवलंबण्यात आला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससह काही सरकारी औषध कंपन्यांतील थकीत वेतन व स्वेच्छानिवृत्ती यांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये निधी मंजूर केला. सार्वजनिक क्षेत्रात प्रचलित असलेल्या ‘गुजरात पद्धती’त पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला पस्तीस दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला पंचवीस दिवसांचे वेतन दिले जाते. अशा रकमेपैकी पाच लाख रुपयांपर्यंतचा भाग अटींनुसार करमुक्त असतो.

एकरकमी आकडा मोठा दिसतो. पन्नाशीतल्या कामगाराला मात्र मुलांची शिक्षणे, लग्ने आणि घराचे हप्ते याच वेळी असतात. शिवाय निवृत्तिवेतन अठ्ठावन्नला सुरू होणार, तोपर्यंतची वर्षे या रकमेतूनच काढायची. योजना जाहीर करताना या वर्षांचा हिशेब प्रत्येकाला मांडून दाखवणे हे साहाय्याचे किमान रूप होय. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला. पुढे तो ह्युंदाईने विकत घेतला, तेव्हा जुन्या कामगारांनी पुन्हा सामावून घेण्याची मागणी केली. चाळिशी ओलांडलेल्याला नवी नोकरी मिळणे किती अवघड असते, ते या मागणीमागे होते.

सेवानिवृत्तीनंतर

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ नुसार किमान दहा वर्षांच्या सेवेनंतर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते. निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवावर्षे भागिले सत्तर असे त्याचे सूत्र आहे. वेतनाची मर्यादा १५,००० रुपये असल्याने पस्तीस वर्षे धरली तरी दरमहा ७,५०० रुपये होतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० रुपयांची मर्यादा लागत असल्याने प्रत्यक्षात रक्कम याहून कमी भरते. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. नोकरीत असतानाचे मासिक वेतन आणि ही रक्कम यांतील अंतर पाहिल्यावर निवृत्त कामगार सुरक्षारक्षक, कंत्राटदाराचा सुपरवायझर किंवा लहान वर्कशॉपमधला कारागीर म्हणून पुन्हा का उभा राहतो हे समजते.

कंपनीचा आरोग्यविमा बहुधा निवृत्तीबरोबर संपतो. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे असलेल्या व वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. या भागासाठी चिंचवडच्या मोहननगर येथे योजनेचे रुग्णालय आहे. ही सवलत अनेकांना ठाऊक नसते. मात्र २०१७ पासून विमा योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये असल्याने मोठ्या कारखान्यांतील बरेच कायम कामगार तिच्या बाहेर असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरलेल्या उपचारांसाठी आहे. मधुमेह व रक्तदाबाच्या दरमहाच्या गोळ्यांचा खर्च घरातूनच करावा लागतो.

पुन्हा काम करू इच्छिणाऱ्या साठीपुढील व्यक्तींसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे संकेतस्थळ सुरू केले. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. शहरात ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे आहेत. निवृत्तिवेतनाचे अर्ज, नामनिर्देशन आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींतील नावाच्या चुका दुरुस्त करणे यांसाठी तेथील जाणत्या सदस्यांची मोठी मदत होते. जुन्या हजेरीपटावरील नाव, आधारपत्रावरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख यांचा मेळ न बसणे हे दावे अडण्याचे नेहमीचे कारण आहे, म्हणून ही तपासणी निवृत्तीपूर्वी दोन-तीन वर्षे करून घेणे इष्ट.

निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो अंगठ्याच्या ठशावरून संगणकीय पद्धतीने देण्याची सोय २०१४ पासून आहे. आयुष्यभर लोखंड, पॉलिश पेपर आणि कूलंट यांत काम केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असल्याने यंत्र अनेकदा ठसा ओळखत नाही. २०२२ पासून भविष्यनिर्वाह निधी संघटनेने चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय उपलब्ध केली असून तो दाखला मोबाईलवरून घरबसल्या देता येतो.